तगरीवरच्या सावलीची कड

प्रिंटरने चित्रांचे वेगळे पैसे मागितले नसते, तर मी आयुष्यात फुलाचा फोटो काढला नसता.

दर जानेवारीला मी माझ्या सराफांना कॅलेंडर वाटतो. चेन्नईत दुकानदाराने कॅलेंडर दिले नाही तर लोक त्याला कंजूष समजतात. मी कंजूष आहेच, पण ते भिंतीवर टांगून दाखवायची गरज नाही. माझा धंदा गलाईचा. सराफांकडे मोडीत आलेले जुने दागिने भट्टीत वितळवायचे, त्यातली भेसळ काढायची आणि शुद्ध सोने परत द्यायचे. आमच्या दुष्काळी तालुक्यातली कितीतरी माणसे याच कामासाठी दक्षिणेत पांगली आहेत. मी मिसरूड फुटायच्या आत आलो, दुसऱ्याच्या भट्टीपुढे भाजून निघालो, त्याच्याच दुकानाच्या फळीवर झोपलो, आणि आज मांबलम स्टेशनचा पूल ओलांडला की पलीकडच्या सराफांच्या गल्लीत माझ्या नावाची पाटी आहे. ती मला कुणी दिलेली नाही. हे मी जरा जास्त वेळा सांगतो, असे बायको म्हणते.

तर प्रिंटर म्हणाला, "देवाचं चित्र घेतलंत तर त्याचे काही नाही, सार. फुलं हवी असतील तर फोटोचे वेगळे पडतील."

"देव फुकट आणि फुलं विकत?"

"देवाला कोण विचारतो, सार? फुलांचा फोटोग्राफर येऊन भांडतो."

मीही तिथेच भांडलो आणि तणतणत बाहेर पडलो. माझी बारा फुले मीच काढून आणतो, म्हणालो. मुलगी सिरुसेरीच्या आयटी पार्कात नोकरीला लागली तेव्हा तिने हौसेने घेतलेला कॅमेरा कपाटात पडून होता. वेस्ट मांबलमच्या आमच्या इमारतीच्या गच्चीवर बायकोच्या पूजेच्या फुलांच्या कुंड्या होत्या. कॅमेरा घरचा, फुले घरची आणि ऊन तर चेन्नईत कुणी मागितले नाही तरी मिळते. सौदा पूर्ण माझ्या बाजूचा होता.

पहिले फोटो मी भर दुपारी काढले. जास्वंद म्हणजे लाल चिखल आणि तगर म्हणजे पांढरा डाग. मुलीला फोनवर पाठवले तर ती हसत सुटली. "बाबा, हे पोलीस चौकीत काढल्यासारखे आलेत. फुलांनी काय गुन्हा केलाय?" मग म्हणाली, "सकाळी काढा. ऊन तिरकं असताना. आणि थोडी सावली येऊ द्या की."

सावलीचे मला पटेना. एवढा उजेड पडलेला असताना अंधार कशाला घ्यायचा? पण सकाळी गच्चीवर गेलो आणि गोष्ट ओळखीची वाटली. भट्टीतल्या सोन्याकडे सरळ पाहिले तर नुसता झगझगाट दिसतो. डोळे बारीक करून जरा कडेने पाहिले की वर कुठे मळ तरंगतो आहे ते कळते. फुलाचेही तसेच निघाले. ऊन समोरून आले की फूल सपाट होते, जणू कागदावर चिकटवले आहे. बाजूने आले की पाकळीची दुमड उठते, देठाकडचा खोलगटपणा दिसतो. आणि ऊन मागून आले की जास्वंदीची पाकळी आतून पेटते. तिच्या शिरा न् शिरा मोजता येतात. सावलीकडची बाजू फारच काळी पडली तर स्टीलची ताटली धरून तिच्यावर उजेड परतवायचा. फुलामागे बायकोचा काळा ब्लाउजपीस टांगायचा, म्हणजे मागची पाण्याची टाकी आणि केबलच्या वायरी नाहीशा होतात.

बायकोची तक्रार वेगळी होती. "फोटो काढायचे तर काढा, पण आधी माझी देवाची फुलं तोडू द्या. तुम्ही एवढं नाक खुपसल्यावर ती देवाला चालत नाहीत."

"मी वास घेत नाही, फोटो काढतो."

"श्वास तर घेता ना?"

शेवटी तिने तगरीची एक कुंडी माझ्या नावावर सोडली. त्या झाडाची फुले देवाला जायची नाहीत. मी त्यांना हवा तेवढा श्वास लावावा.

आणि त्या तगरीनेच घोळ केला. मी तोवर फुलांच्या नादी लागलो होतो, हे कबूल करतो. जवळून फोटो काढायची खास लेन्स विकत घेतली, तीही माउंट रोडजवळच्या एका दुकानात अख्खी संध्याकाळ घासाघीस करून. पांढरे फूल सगळ्यात अवघड. त्याला सावली दिली नाही तर ते कागदावर उरतच नाही. माझ्या मनात जानेवारीच्या पानासाठी एक फोटो तयार होता. तगरीचे एकच फूल, पंख्यासारख्या वळलेल्या पाच पाकळ्या, निम्मे फूल उन्हात आणि निम्मे सावलीत, आणि मधोमध सावलीची कड अशी सरळ, की सुरीने कापल्यासारखी. त्यासाठी सूर्य आणि फूल यांच्यामध्ये काळा पुठ्ठा धरायचा. पुठ्ठा फुलापासून लांब असला की सावलीची कड मऊ पडते, अगदी जवळ आणला की धारदार होते. कॅमेरा तिकाटण्यावर पक्का बसवलेला. फूल पुढून मागेपर्यंत स्पष्ट यावे म्हणून लेन्सचे छिद्र अगदी बारीक ठेवायचे, आणि मग कॅमेऱ्याला उजेड प्यायला जरा वेळ लागतो. तेवढा वेळ पुठ्ठा धरून उभे राहायचे.

फोटो आले. पाकळ्यांवरच्या शिरा स्पष्ट, फुलावर चढलेली मुंगी स्पष्ट, आणि सावलीची कड मात्र फरफटलेली. ओल्या भिंतीला हात लागून रंग पुसला जावा तशी. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशीही तेच.

मी ठरवले की लेन्स खराब आहे.

त्या दुकानाची मालकीण पस्तिशीची असेल. वडिलांच्या मागे दुकान तीच चालवते. केसांत रोज मोगऱ्याचा गजरा आणि जिभेवर धार. मी लेन्स तिच्या काउंटरवर आपटलीच म्हणा. तिने ती ठेवून घेतली, तपासली आणि दोन दिवसांनी परत केली.

"मशीनवर लावून बघितली, सार. हिला काही झालेलं नाही."

"म्हणजे मी खोटं बोलतोय?"

"मी कुठे म्हटलं? लेन्स म्हणते आहे."

दुकानातली गिऱ्हाइके हसली. मग माझा तोल गेला. माझी तमिळ बाजारातली आहे. भाव करायला आणि शिव्या द्यायला पुरते, मधले काही येत नाही. "तुझ्या वडिलांनी असला माल कधी विकला नसता," मी म्हणालो.

"वडिलांना ओळखत होता?"

"ओळखायला कशाला पाहिजे?"

त्यानंतर मी त्या दुकानात जातच राहिलो. कधी फोटोंचे प्रिंट घेऊन, कधी नुसता आवाज घेऊन. दारात उभा राहून येणाऱ्या गिऱ्हाइकाला सांगायचो, इथे लेन्स घेऊ नका. घरी येऊन बायकोला सांगायचो, गल्लीत सराफांना सांगायचो, मुलीला फोनवर सांगायचो. "बाबा, त्या बाईला सोडा आता," मुलगी म्हणायची. मी कसा सोडणार? आयुष्यभर मला कुणी सोने वितळवताना येणाऱ्या घटीत फसवू शकले नाही आणि एका काचेच्या तुकड्यात फसवले गेलो, हे माझ्या घशाखाली उतरत नव्हते.

त्याच दिवसांत घरातही माझी एक तक्रार चालू होती. बायको मला चहा अर्धा टंबलर द्यायला लागली होती. टंबलर मोठा, स्टीलचा, आणि चहा तळाशी. "दूध महागलंय का?" मी विचारायचो. "तुमच्याकडूनच शिकले. घट धरून देते," ती म्हणायची आणि आत निघून जायची. मी चिडायचो. अर्धा चहा संपवून पुन्हा मागायचो, तर पुन्हा अर्धाच यायचा.

इथे आणखी एक गोष्ट सांगायला हवी, म्हणजे पुढचे कळेल. गलाईत सगळ्यात जोखमीचा क्षण ओतण्याचा. मुशीत वितळलेले सोने चिमट्याने उचलून साच्यात ओतायचे. ते काम मी कधी दुसऱ्याच्या हाती दिले नव्हते. पण त्या वर्षी मी ते माझ्या कारागिराकडे सोपवले होते. गुडघा दुखतो, भट्टीपुढे उकिडवे बसवत नाही, असे मी सगळ्यांना सांगितले होते. गुडघा दुखत होताच. थोडासा.

माझे वडील गावाकडच्या बैलबाजारात सौदे जमवायचे. तिथे भाव तोंडाने बोलत नाहीत. विकणारा आणि घेणारा हात हातात घेतात, त्यावर टॉवेल टाकतात आणि बोटे दाबून आकडा सांगतात. वर दोघेही पावसापाण्याच्या गप्पा मारतात, खाली बोटे भांडत असतात. मी लहान असताना वडील घरी टॉवेल टाकून माझा हात धरायचे आणि मला शिकवायचे. "बोट घामेजलं की समजायचं, हा अजून वर चढंल. बोट गार पडलं की समजायचं, हा उठून जाईल. आन् थरथरलं, की समजायचं, ह्याला गरज हाय." मी पुढे सोन्यात गेलो, पण शिक्षण ते टॉवेलखालचे. समोरच्याचा हात वाचायचा आणि आपला वाचू द्यायचा नाही. वडिलांचे आणखी एक सांगणे होते. लांबलेल्या सौद्यात समोरचा एकदम कबूल झाला तर खूश होऊ नको, बैलाकडे परत बघ. त्याला काहीतरी दिसले आहे, जे तुला दिसलेले नाही.

एका दुपारी दुकानाच्या मालकिणीने माझ्यापुढे हात जोडले. "सार, एकदाच काय ते बघून टाकू. माझ्यासमोर काढा फोटो."

तिने गजऱ्यातून मोगऱ्याचे एक फूल काढून काउंटरवर काळ्या कापडावर ठेवले. बाजूने टेबलावरचा दिवा लावला. माझी लेन्स स्वतःच्या कॅमेऱ्यावर चढवली, कॅमेरा स्टँडवर कसला आणि एक काळा पुठ्ठा माझ्या हातात दिला. "घरी धरता तसाच धरा."

मी धरला. दुकानातला सेल्समन आणि दोन गिऱ्हाइके बघत होती. आता हिची कशी जिरते ते बघाच, अशा तोऱ्यात मी उभा होतो. तिने एकामागून एक बरेच फोटो घेतले आणि भिंतीवरच्या मोठ्या स्क्रीनवर लावले.

मोगऱ्याच्या पाकळीचा करपलेला काठसुद्धा सुईच्या टोकासारखा आला होता. त्यावरची माझ्या पुठ्ठ्याची सावली तेवढी पुसट. "बघ!" मी ओरडलो. ती पुढचा फोटो लावत गेली, मग पुढचा, मग भराभर. फूल जागचे हलले नाही. सावलीची कड मात्र वर, खाली, पुन्हा वर, अशी नाचत होती. पाण्यावर हलणाऱ्या दोरीसारखी.

ती थांबली. तिने स्क्रीनकडे पाहिले आणि मग कॅमेऱ्याकडे, मग दिव्याकडे. माझ्या हाताकडे पाहिले नाही. दुकानात बघण्यासारखे तेवढे एकच होते आणि ती मुद्दाम तिकडे बघत नव्हती. पुठ्ठा अजून माझ्या हातातच होता.

मग तिने स्क्रीन बंद केला. "बरोबर आहे तुमचं, सार. लेन्समध्येच दोष आहे. मी बदलून देते."

"पण अक्का," सेल्समन म्हणाला, "आत्ताच तर..."

"नवीन डबा काढ म्हटलं ना!"

मी आयुष्यात इतके सौदे जिंकले, पण कोणी असे हरताना पाहिले नव्हते. कितीतरी आठवडे ती एक बोट मागे सरली नव्हती आणि आता पुरावा तिच्या बाजूने असताना कबूल झाली होती. बैलाकडे परत बघ. मी पुठ्ठा काउंटरवर ठेवला आणि हात खिशात घातला.

तेव्हाच म्हणायला हवे होते, राहू दे, लेन्स चांगली आहे. मी नवीन डबा काखेत मारला आणि बाहेर पडलो. ती मागून म्हणाली, "परवाइल्ले, सार." म्हणजे असू दे, काही हरकत नाही. तिची माझ्याशी एवढी मऊ भाषा मी पहिल्यांदा ऐकली. त्यापेक्षा तिने शिवी दिली असती तर मी तिथे ताठ उभा राहिलो असतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी गच्चीवर नवीन लेन्स लावली. पुठ्ठा हातात न धरता दोन विटांमध्ये उभा केला. तगरीवर सावलीची कड सरळ आली, सुरीने कापल्यासारखी. मग तोच पुठ्ठा हातात धरला. कड फरफटली. डाव्या हाताने धरून पाहिला. डावा बरा होता. उजवा, ज्या हाताने मी मूस उचलायचो, ज्या हाताने वडिलांचा हात टॉवेलखाली वाचायचो, तो पानासारखा हलत होता. फार नाही. चार लोकांत कुणाची मान न वळता लपवता येईल इतकाच. मला माहीत नव्हते असे नाही. मला ते लेन्समध्ये हवे होते, इतकेच.

बायको चहा घेऊन वर आली. मोठा टंबलर, तळाशी चहा. मी त्या टंबलरकडे बघत राहिलो. चहा हलत होता, पण काठाला लागायला त्याला अजून बरेच वर चढावे लागले असते.

"कधीपासून?" मी विचारले.

कशाबद्दल, असे तिने विचारले नाही. "कुंकू लावताना तुमचं बोट गणपतीच्या डोळ्यात गेलं, तेव्हापासून."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही गुडघ्याचं सांगत होता. म्हटलं, हात झाकायला गुडघा पुढे केलाय, तर राहू दे झाकलेला."

"मी दुधावरून बोललो, तेव्हा तरी बोलायचंस."

"तेव्हा तर मुळीच नाही. रागात असला की जास्त हलतो तो."

मी तिला केवढे बोललो होतो ते आठवले. माहेरची सवय काढली होती, तिथे दुभती जनावरे नव्हती म्हणून. ती सगळे ऐकून घेऊन पुन्हा अर्धाच भरत राहिली होती. माझ्या धोतरावर चहा सांडू नये म्हणून तिने माझ्याकडून कंजूष म्हणवून घेतले. मान वर करून तिच्याकडे बघवेना. मी तगरीकडे बघत चहा प्यायलो.

"डॉक्टरकडे जाऊ," ती म्हणाली.

"कॅलेंडर होऊ दे."

"कॅलेंडरला काय हात हवेत? त्याला खिळा पुरतो."

डॉक्टरकडे गेलो. गोळ्या सुरू आहेत. डॉक्टर म्हणाले, हे वाढेल की नाही ते हळूहळू कळेल. हळूहळू या शब्दावर घासाघीस करून पाहिली, पण ते बधले नाहीत.

त्या दुकानात परत जायला मला डॉक्टरकडे जाण्यापेक्षा जास्त वेळ लागला. गल्लीच्या तोंडापर्यंत जायचो आणि वळायचो. शेवटी गेलो, नवीन लेन्सचा डबा काउंटरवर ठेवला. "माझी जुनी परत दे."

"का? हीपण बिघडली?" म्हणाली, आणि मग बहुधा माझा चेहरा पाहून तिने सूर बदलला. "जुनी मी ठेवून घेतली, सार. माझ्या कामाला येते. तुम्ही हीच वापरा."

"मग जुन्या-नव्यातला फरक घे."

"नको."

"घे म्हणतो ना!"

"नको म्हणते ना!"

मी पैसे पुढे सरकवत होतो, ती मागे सरकवत होती. आयुष्यात पहिल्यांदाच मी भाव चढवत होतो आणि समोरचा पाडत होता. माझा आवाज चढला. गिऱ्हाइके वळून बघायला लागली. "मला तुझी दया नकोय," मी म्हणालो. माफी मागायला गेलेला माणूस आणि पुन्हा ओरडत होतो.

तिने एकदा माझ्याकडे नीट पाहिले, यावेळी हाताकडेही. "कसली दया? तुम्ही रोज दारात उभं राहून गिऱ्हाईक पळवत होता. एक लेन्स देऊन सुटका झाली, मला स्वस्तात पडलं." मग पैसे माझ्या खिशाकडे ढकलत म्हणाली, "आणि वडील असते ना, तर त्यांनी पहिल्याच दिवशी तुम्हाला हाकलून दिलं असतं."

इतका चोख भाव मला कुणी सांगितला नव्हता. मी माफीचा शब्द तोंडात धरून उभा राहिलो, तमिळमध्ये तो मला येत नव्हता आणि मराठीत तिला कळला नसता. मान हलवली आणि निघालो. तो शब्द अजून तिथेच राहिला आहे.

जानेवारीच्या पानासाठी पुठ्ठा बायकोने धरला. अर्थात भांडणाशिवाय नाही.

"जरा डावीकडे. डावीकडे म्हटलं!"

"तुमची डावी की माझी?"

"फुलाची!"

"फुलाला डावी असते का?"

पण तिचा हात दगडासारखा. आयुष्यभर थापलेल्या भाकरीचा हात. निम्मी तगर उन्हात, निम्मी सावलीत, आणि मधली कड अशी की बोट फिरवले तर कापेल. उजेडाकडच्या पाकळीवर शिरा उमटलेल्या, सावलीतल्या पाकळ्या निळसर, खोल. मनात होता तोच फोटो. मी बटण दाबले तेवढेच. एरवी अशा वेळी मी कोणाला तरी फोन करून फुशारकी मारली असती. त्या दिवशी कॅमेरा पिशवीत घातला आणि दुकान उघडायला गेलो.

कॅलेंडर छापून आले. पहिली प्रत दरवर्षी मी ज्यांना देतो ते एक म्हातारे तमिळ सराफ. माझ्याकडे पाटी नव्हती तेव्हा पहिले सोने त्यांनी माझ्या हातात ठेवले होते. माझ्या हाताबद्दल बाजारात कुठेही कळले तरी चालले असते, त्यांच्या गादीवर नको होते. गलाईवाल्याचा हात हलतो हे कळल्यावर त्याच्याकडे सोने कोण पाठवील? मी गोळी घेऊन, हात सदऱ्याच्या खिशात घालून त्यांच्यापुढे बसलो.

त्यांनी चष्मा लावून जानेवारीचे पान बराच वेळ पाहिले. "हे नंदियावट्टै कुणी काढलं?" तगरीला ते तसे म्हणतात.

"मीच, अय्या."

"सावली काय सरळ पडली आहे! कशी पाडली?"

"पुठ्ठा धरून."

"कॅमेरा सांभाळायचा आणि पुठ्ठाही धरायचा?"

"पुठ्ठा बायकोनं धरला."

"बायकोनं? का बरं?" त्यांनी सहज विचारले, पानावरून नजर न काढता.

सांगायचे ठरवूनच मी घरून निघालो होतो. बायकोला तसे बोललोही होतो. कारागीर ओततो, सोन्याच्या शुद्धतेचा टंच तोच राहील, तुमच्या सोन्याला धक्का नाही, एवढेच सांगायचे होते. वाक्य पाठ होते.

"गुडघा," मी म्हणालो. "फार वेळ उभं राहवत नाही."

त्यांनी मान डोलावली. "हो, वर्षभर त्रास देतोय तुम्हाला तो गुडघा." आणि दारातल्या चहावाल्याला हाक मारली, "सेठना अर्धा ग्लास दे रे."

"माहीत आहे, अय्या," चहावाला म्हणाला. त्याच्या तारेच्या जाळीत सगळे ग्लास काठोकाठ होते आणि एक अर्धा, आधीच वेगळा भरून ठेवलेला. किती महिने तो मला असाच देत होता, ते मी कधी पाहिले नव्हते. आणि त्या सगळ्या महिन्यांत या गादीवरचे सोने माझ्याकडे येतच होते.

म्हातारे सराफ कॅलेंडर टांगायला खिळा शोधत पाठमोरे झाले. मी खिशातून हात काढला आणि ग्लास दोन्ही हातांनी उचलला. एक थेंबही सांडला नाही. सांडण्याइतका चहा त्यात नव्हताच.